फौजदारांच्या पायातला नारू

"साहेब, बारवेचं दार फोडलं," धरमसिंग शिपाई शाळेच्या ओसरीत येऊन म्हणाला. "आन आत पायरीवर हे सापडलं."

त्याच्या हातातल्या कागदावर आगपेटीची एक काडी होती. एक टोक जळून काळं झालेलं. काडीभोवती पांढऱ्या सुताचे दाट वेढे बसले होते. ते सूत नव्हतं, हे त्या काळी केनवडमध्ये कुणाला सांगावं लागलं नसतं.

फौजदार मारोतराव खाटेवरून उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. आपल्याला उठता येत नाही हे ते रोज सकाळी विसरत आणि डाव्या घोट्यातली कळ त्यांना रोज सकाळी ते आठवून देई. त्यांच्याही पायात तेच होतं. नारू.

आज ज्यांनी नारू पाहिला नाही ते सुखी आहेत. हा किडा पिण्याच्या पाण्यातून पोटात जाई, वर्षभर अंगात गुपचूप वाढे, आणि पुढच्या उन्हाळ्यात पायावर फोड आणून बाहेर तोंड काढी. ओढावा तर तुटे, आणि तुटला की पाय सुजून सडायला लागे. म्हणून त्याचं टोक काडीला बांधायचं आणि रोज एखादा वेढा द्यायचा. घाई करायची नाही. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वाशीमच्या बाजारातले खिसेकापू पांगत, ते मारोतराव दौऱ्यात केनवडला आले आणि असे एका धाग्याने शाळेतल्या खाटेला जखडून पडले होते. आणखी एक गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. त्यांना तो नारू बघवत नसे. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या हाताशी काडी नव्हती, तेव्हा नुकतीच विडी पेटवून उरलेली काडी त्यांनी पुढे केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून पट्टी बदलायच्या वेळी ते भिंतच बघत आले होते.

"कोनं पाह्यलं पहिले?" त्यांनी विचारलं.

"बापूराव मास्तरनं. पानी भरायच्या टायमाले गेल्ते. आन डॉक्टरसाहेबानं तर चोरबी धरला. लखीराम माळी. बाहेर बसवला हाय."

"माह्याआधीच तपास झाला म्हना ना."

धरमसिंगने काडी पुन्हा कागदात गुंडाळली. तो जुना शिपाई होता.

केनवडची ही बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर. पूर्वी सगळं गाव पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरी. ज्याच्या पायाला नारूचा फोड तो तर मुद्दाम पाय बुडवून बसे, कारण तेवढाच ठणका कमी होई. त्या फोडातून नारूची पिलं पाण्यात जात आणि तेच पाणी घरोघर जाई. नागपूरकडे वैद्यक शिकवणाऱ्या आणि आता फौजदारांची पट्टी करणाऱ्या डॉ. भगवंतरावांनी हे ओळखलं. दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीनंतर त्यांनी पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घातली, भिंतीला दार, दाराला कुलूप, आणि वर रहाट बसवला. पाय पाण्याला लागणार नाही, तर नारू होणार नाही. साधी गोष्ट होती आणि खरीही होती.

आता त्यांना असेच रहाट केनवडपासून थेट धनजपर्यंत बसवायचे होते. त्यासाठी विद्यापीठाच्या संशोधन-निधीकडे त्यांनी अनुदान मागितलं होतं. अर्ज लिहिला होता बापूरावांनी. ते निवृत्त हेडमास्तर. त्यांचं इंग्रजी असं की नाही म्हणायला साहेबालाच संकोच वाटावा. गेल्या हिवाळ्यात अर्ज गेला, मंडळाला पसंत पडला, आणि प्रत्यक्ष पाहणी करायला निधीचे साहेब आज दुपारी मोटारने येणार होते.

आणि आजच दार फुटलं होतं.

डॉ. भगवंतराव आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. वैशाखातलं ऊन तर होतंच.

"मारोतराव, साहेब यायच्या आत त्या माणसाला बेड्या घालून रिसोडच्या ठाण्यात पाठवा."

"पाठवू. पहिले सांगा, त्यानंच केलं कायवरून?"

"दार बसवलं त्या दिवशी हा चारचौघांत ओरडला होता, हे दार मी तोडीन म्हणून. पायऱ्यांवर भाजी धुवायची ह्याची जागा गेली. त्याच्या पायात नारू आहे. पायरीवर तुटलेला नारू सापडला. आणखी काय हवं?"

"आजच कायले तोडन तो? दीड वरीस चूप बसला."

"आज कशाला? गेल्या वर्षापासून ह्याचं हेच चाललं असणार. म्हणून तर गावात पुन्हा नारू दिसायला लागलाय. माझी पद्धत चुकलेली नाही, मारोतराव. हा माणूस चोरून आत उतरत आला आणि पाणी नासवत आला."

"गावात नारू दिसून राह्यला? मले वाटलं मी आन लखीरामच."

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला. "चार-दोन असतील. लपवतात लोक. आणि तुमचं काय, तुम्ही दौऱ्यावरचे. कुठलं पाणी प्यालात कोण जाणे."

मारोतरावांनी खाटेशेजारच्या खांबाकडे पाहिलं. तिथे त्यांची कातड्याची छागळ टांगलेली होती. घरचं पाणी तिच्यात भरून घेतल्याशिवाय ते दौऱ्यावर निघत नसत. पोलीस ठाण्यात या सवयीची चेष्टा व्हायची.

"असन," ते म्हणाले. "लखीरामले आत पाठवा."

लखीराम लंगडत आला आणि खाटेपासून लांब जमिनीवर बसला. मागोमाग त्याची बायको पंचफुला आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि हाकलायची कुणाची छाती नव्हती.

"दार फोडलं का रे?"

"नाई साहेब."

"तोडीन म्हनला व्हता का?"

"म्हनलो व्हतो. त्या दिवशी. भाजी धुवाले जागा नाई म्हनून डोकं फिरलं व्हतं. मंग रहाटाचं पानी प्यालो, गोड लागलं, चूप बसलो."

"काल कुठं व्हता?"

"मळ्यात. वांग्याले पानी देऊन राह्यलो व्हतो. तथंच झोपलो."

"कोनं पाह्यलं?"

लखीरामने बायकोकडे पाहिलं. घरच्या बायकोची साक्ष कुणी धरत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

"साहेब," पंचफुला म्हणाली, "ह्याले जेलात घातलं तं मळा उभा वाळते. मोट मले एकटीले नाई हाकलत. आन वाळला तरी एक येळ चालन. पन गावाचं पानी नासवलं म्हनून ठरलं ना, तं आमाले ह्या गावात कोन उभं करन? कोन आमच्या हातची भाजी घेईन? आमी कुठं जावं?"

बाहेर अंगणात माणसं जमली होती. कुणी बोलत नव्हतं, आणि ते गप्प बसणं लखीरामसाठी बेड्यांपेक्षा वाईट होतं. हा माणूस सुटला नाही तर गाव त्याला जगू देणार नाही, हे फौजदारांना स्पष्ट दिसत होतं.

"तुहा नारू दाखव."

लखीरामने पायाची चिंधी सोडली. मारोतरावांनी दात आवळले आणि पाहिलं. दुसऱ्याचा होता म्हणून पाहवला. पऱ्हाटीची, कपाशीच्या झाडाची, एक काडी होती, तिच्यावर वेढे होते, आणि शेवटच्या वेढ्यातून धागा अखंड जखमेत गेला होता. पाय सुजला नव्हता.

"हा तं तुटलाच नाई."

"तुटला असता तं मी इथं चालत आलो असतो का, साहेब?"

"एका पायात दोन नारूही असतात," दारातून डॉक्टर म्हणाले.

"असतात," मारोतराव म्हणाले. "दुसरा फोड कुठं हाय, दाखवा बरं."

डॉक्टरांनी पाय खालून वरून तपासला. दुसरा फोड नव्हता. ते बाहेर गेले.

एक माशी मघापासून फौजदारांच्या पट्टीशी घोटाळत होती. पट्टीतून काडीचं लाल टोक बाहेर आलं होतं, त्यावर ती बसली. त्यांनी ती हाताने हाकलली आणि पंचफुलेकडे वळले.

"दार बसवल्यापासून एकदाबी उघडलं नाई?"

"उघडलं ना. मागच्या उन्हायात. रहाटाचा दोर तुटला व्हता. डॉक्टरसाहेब तिकडं नागपूरले. दोराले पैसे मंजूर व्हाचे हायेत म्हने. मंग बायांनी काय तहानेनं मरावं? मास्तरनं कुलूप काढून देल्लं. दोर येईपर्यंत समदे पायऱ्यांनीच उतरून राह्यलो व्हतो."

"ज्याच्या पायात नारू व्हता तेबी?"

"तेबी. पान्यात पाय घातला का बरं वाटते ना." मग तिला काही आठवलं. "तवाच तं तुमी बैलचोरीच्या तपासाले आल्ते. मीच तुमाले तांब्या भरून देल्ला. डॉक्टरची विहीर हाय, बिनघोर प्या म्हनलं. तुमी ती छागळ बाजूले ठेवली आन दोन तांबे प्याले."

मारोतरावांचा हात आपोआप गुडघ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. आयुष्यात एकदा त्यांनी दुसऱ्याच्या पाण्यावर भरवसा ठेवला होता.

बापूराव मास्तर आले ते उपरणं सारखं करत. चेहरा उतरलेला.

"मास्तर, बारवेची किल्ली कोनापाशी असते?"

"माझ्याकडे एक. डॉक्टरांकडे एक."

"मागच्या उन्हायात दार उघडलं व्हतं तुमी."

बापूरावांनी नाकारलं नाही. "काय करणार होतो? एका दोराच्या मंजुरीसाठी महिनाभर बसलो. बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात."

"अर्जात लिहिलं का हे?"

मास्तरांनी खाली पाहिलं. "अर्जात लिहिलं की दार एकदाही उघडलं गेलं नाही. अहो, पुढच्या दोराला पैसे हवेत म्हणून मागच्या दोराची गोष्ट लिहिली, तर मंडळ म्हणेल प्रयोगच झाला नाही. निधी शंकेला मिळत नाही, फौजदारसाहेब. खात्रीला मिळतो. असे अर्ज लिहिण्यात हयात गेली माझी."

"डॉक्टरले ठावं व्हतं?"

"सही केली तेव्हा नव्हतं. ह्या महिन्यात गावात नारू निघाले तेव्हा त्यांनी मला धरून बसवलं आणि मी सांगितलं. दोन दिवस जेवले नाहीत ते."

"दार तुमी फोडलं?"

"माझ्याकडे किल्ली आहे," मास्तर थकून म्हणाले. "मी कशाला फोडू?"

त्यांना जाऊ दिल्यावर मारोतरावांनी धरमसिंगला सापडलेली काडी पुन्हा आणायला सांगितली. बराच वेळ ते ती बोटांत फिरवत राहिले. नारूचं टोक त्यांनी उजेडात धरलं. ते ओढून तुटलेलं नव्हतं. सरळ कापलेलं होतं. मग त्यांनी जळक्या टोकावर अंगठा फिरवला आणि तो तिथेच थांबवला.

त्यांनी खाली पाहिलं. स्वतःच्या पायाकडे.

इतके दिवस चुकवलेली गोष्ट करायला थोडा वेळ लागला. पट्टी त्यांनी स्वतः सोडली. नजर काढली नाही. मग पुन्हा पट्टी गुंडाळली आणि म्हणाले, "समद्यायले बोलाव."

डॉक्टर आले. मास्तर आले. लखीराम आणि पंचफुला होतीच. ऊन डोक्यावर आलं होतं आणि मोटार कधीही आली असती.

"उभं राहून बोलता येत नाई, माफी करा," मारोतराव म्हणाले. "ही काडी पायरीवर सापडली. म्हनजे नारूवाला मानूस आत उतरला, त्याचा नारू तिथं तुटला, असं मले वाटावं म्हनून. लखीरामचा नारू पऱ्हाटीच्या काडीवर हाय, आन सलग हाय. म्हनून हा त्याचा नोहे. मंग कोनाचा?"

"गावात आणखी पुष्कळ आहेत," डॉक्टर म्हणाले.

"हायेत. पन हे टोक पाहा. कात्रीनं कापलं. आमच्या मुलखात नारू तुटू नये म्हनून मानूस झोपेतबी पाय हालवत नाई. कोन कापन आपल्या हातानं? कापून उरलेलं टोक दुसऱ्या काडीले बांधता येते, अशा हाताचा मानूस गावात एकच हाय."

मारोतरावांनी काडी डॉक्टरांसमोर धरली.

"आता काडी. जळकी हाय. पहिल्या दिवशी तुमाले काडी सापडेना, तवा मी इडी पेटवून जळकी काडी देल्ती. आठवते?" त्यांनी पाय पुढे केला. पट्टीतून लाल टोक बाहेर आलेलं सगळ्यांना दिसलं. "आता माह्या पायाले ही कोरी काडी हाय. गुल अजून शाबूत. जळकी काडी लाल कशी झाली, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर पट्टीतल्या लाल टोकाकडे बघत राहिले.

"काल सांजच्याले तुमी पट्टी बदलली. मी भिंतीकडे पाहून राह्यलो व्हतो, रोजच्यासारखा. तुमाले माहीत व्हतं मी पाहात नाई. तुमी काडीसगट कापलं, उरलं ते नव्या काडीले बांधलं. हात इतका हलका, का मले कळलंबी नाई. बारवेत टाकलेला नारू माहा हाय."

"कशासाठी करीन मी हे?" डॉक्टर म्हणाले.

"कारण दार उघडं व्हतं तवाचं पानी मी प्यालो. ते आज बाहेर येऊन राह्यलं. लखीरामचं आन बाकीच्यायचंबी तेच. साहेब येतीन, नारू पाहतीन, इचारतीन की दार बंद व्हतं तं हे कुठून आलं? दार बंद व्हतं असं तुमी सही करून बसले. आता खरं सांगावं तं अर्ज खोटा. नाई सांगावं तं पद्धत खोटी. मंग एक चोर पाह्यजे व्हता, जो वरीसभर चोरून उतरून राह्यला. लखीराम तयारच व्हता."

भगवंतराव खाटेच्या कडेला बसले. ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

"पद्धत खोटी नाही, मारोतराव," शेवटी ते म्हणाले. "खरंच नाही. दार बंद होतं तितके दिवस ती खरी ठरली. एका दोरासाठी सगळं जाणार होतं. दीडशे गावं. मी म्हटलं, एक माणूस थोडे दिवस आत जाईल, मग मी त्याला सोडवीन."

"आन गावानं मले सोडलं असतं का?" लखीरामने विचारलं. तो इतक्या हळू बोलला की डॉक्टरांना मान वर करावी लागली. करून त्यांनी परत खाली घातली.

"धरमसिंग," मारोतराव म्हणाले, "बाहेर जाऊन गावाले सांग, लखीराम निर्दोष हाय. मोठ्यानं सांग. समद्यायच्या कानावर जाईन असं."

पंचफुलेने पदर तोंडाला लावला. नवऱ्याला तिने दंडाला धरून उठवलं आणि दोघं दारात जाऊन उभी राहिली, गाव बघेल अशी.

मोटारीचा आवाज वेशीपाशी आला. मास्तर दचकून उठले. डॉक्टर तसेच बसून होते.

"मला अटक करणार?"

"कुलूप तुमचंच, फोडलं तुमीच. पाय माहा, माही तक्रार नाई. लखीरामले काय म्हनाचं ते तो म्हनन, ठाण्यात येऊन. साहेबाले काय सांगाचं ते तुमचं तुमी पाहा." मारोतरावांनी डावा पाय खाटेच्या कडेवर आणून ठेवला. "पन आजचा येढा राह्यला हाय."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "माझ्या हातून?"

"दुसरा हात हाय कोन्ता? चुकवला तं सडते पाय. मी तुमाले सोडू शकत नाई आन तुमी मले. काढा."

भगवंतरावांनी हात धुतले. पट्टी सोडली. लाल टोकाची काडी चिमटीत धरली आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. मारोतरावांनी या खेपेस भिंतीकडे तोंड केलं नाही. आपल्या अंगातून निघणारा तो पांढरा धागा ते बघत राहिले.

निधीचे साहेब टोपी हातात घेऊन ओसरीत आले. त्यांच्या मागे त्यांचा कारकून बापूरावांचा अर्ज घेऊन उभा होता. साहेबांनी खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि भुवया उंचावल्या.

"हे काय, डॉक्टर? केनवडमध्ये एकही रोगी नाही असं वाचलं होतं मी. हे कुठलं पाणी प्याले?"

बापूराव पुढे होऊन काही बोलणार होते. डॉक्टरांनी डाव्या हाताने त्यांना थांबवलं. उजव्या हाताने त्यांनी वेढा पुरा केला, काडी जपून पायाला टेकवली आणि पट्टी बांधली.

"माझ्या विहिरीचं," ते म्हणाले.